सेरिंदुंगच्या राजांची करवंटी

मी एक करवंटी बोलतेय. हसू नका. सेरिंदुंगच्या राजमहालात एक पेटी आहे. तिच्यात सोन्याच्या मुठीची कट्यार आहे, राजमुद्रा आहे, ज्याने आजवर एक कोंबडीही मारली नाही असा एक भाला आहे, आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांत जाड पिवळ्या रेशमात गुंडाळलेली मी आहे. पेटी उघडली की दरबारी लोक आधी माझ्यापुढे हात जोडतात, मग कट्यारीपुढे. कट्यारीला याचा राग येतो. पावणेतीनशे वर्षं झाली, अजून ती माझ्याशी धड बोलत नाही.

माझा जन्म उलू पाकूचा. हे नदीच्या पार वरच्या अंगाचं गाव. तिथे सेनिया नावाच्या कोळणीच्या दारात माड होता, त्या माडावरची मी. तिने नारळ फोडला, खोबरं खवलं, आणि मागे दोन करवंट्या उरल्या. डोळ्यांची अर्धी गळते, म्हणून ती चुलीत गेली. मी बिनडोळ्यांची, म्हणून पाण्याच्या माठावर माझी नेमणूक झाली. म्हणजे माझं जे काही मोठेपण आहे ते मला डोळे नसल्यामुळे आहे. मग तुला दिसतं कसं, असं विचाराल. जुन्या वस्तूंना दिसतं.

सेनियाचं बाळ बारा दिवसांचं होऊन गेलं होतं. घरात पाळण्याची झोळी अजून आढ्याला लटकत होती, काढायचा धीर कुणाला होत नव्हता. तिला दूध येत होतं आणि ते पिणारं कुणी नव्हतं. अशात एका सकाळी तिचा नवरा मासे अडवायच्या कुडावर गेला आणि वेताची टोपली घेऊन आला. टोपलीत एक पोर. निळं पडलेलं, भिजलेलं, आणि त्याच्या अंगावर काही म्हणजे काही नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण आज तुम्ही राजवंशाची पोथी उघडलीत तर तिच्यात लिहिलंय की आमचे मूळपुरुष नदीच्या शुभ्र फेसातून प्रकटले, कपाळावर चंद्रासारखं तेज होतं, आणि पांढऱ्या हत्तीने सोंडेने त्यांना काठावर ठेवलं. मी तिथे होते. फेस नव्हता, गाळ होता. आणि हत्ती त्या घरात मावलाच नसता.

पोराला चोखायचं बळ नव्हतं. सेनियाने छातीशी धरलं तर त्याचं डोकं मागे पडायचं. तेव्हा तिने हात लांबवून माठावरची मला घेतलं, माझ्यात दूध पिळलं आणि करंगळी बुडवून थेंब थेंब त्याच्या ओठांवर लावायला सुरुवात केली. तिचे अश्रूही माझ्यात पडत होते. त्याला ते खारट लागलं असेल, पण त्याने तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी तो रडला. एवढ्या मोठ्याने रडला की शेजारीण धावत आली.

तिने त्याला अवांग म्हणायला सुरुवात केली. अवांग म्हणजे नुसतंच पोरगा. दुसरं नाव ठेवायला त्याचं गोत कुणाला माहीत होतं?

पुढे तो राजा कसा झाला ते ऐका. नदीकाठी सात गावं होती आणि सात मुखिये. सातांनाही कळत होतं की नदीच्या मुखाशी एक राजा बसवल्याशिवाय चाचे पाठ सोडणार नाहीत. पण राजा कुणाच्या घरातला? पहिल्याचा म्हटला की दुसरा उठून जायचा, दुसऱ्याचा म्हटला की तिसऱ्याच्या बायकोला फेफरं यायचं. अशी तीन वर्षं गेली. शेवटी कुणीतरी म्हणालं, तो उलू पाकूचा अवांग आहे ना, त्याला भाऊ नाहीत, चुलते नाहीत, साडू नाहीत. राजा झाला तरी खाणार कोणासाठी? कुणाचाच नाही म्हणून तो सगळ्यांचा झाला. राजपदासाठी त्याची पात्रता तेवढीच होती, आणि अजूनपर्यंत मला तिच्याहून चांगली पात्रता ऐकायला मिळालेली नाही.

तो गादीवर बसला, सगळे त्याला तुआनकू म्हणजे महाराज म्हणू लागले, तेव्हा लेखक वंशावळ लिहायला आला.

"तुआनकू, वडिलांचं नाव?"

"माहीत नाही."

"बरं, आजोबांचं?"

"अहो, वडिलांचंच माहीत नाही, तर आजोबांचं कुठून आणू?"

"मग मी लिहू का?"

"लिहा. चांगली माणसं लिहा म्हणजे झालं."

लेखक कामसू होता. त्याने थेट सिकंदर बादशहापर्यंत चाळीस पिढ्या लिहिल्या. भर दरबारात त्या वाचल्या गेल्या तेव्हा म्हातारी सेनिया खांबाशी बसली होती. बाजूच्या बाईला ती म्हणाली, "एवढी माणसं माझ्या घरी आली असती तर बसवली असती कुठे?"

त्या चाळीस नावांत तिचं नाव नव्हतं. अवांगला ते लागलं असावं. त्याचं पहिलं मूल जन्मलं तेव्हा त्याने फर्मान काढलं, की माझ्या घरात जन्मणाऱ्या प्रत्येक वारसाने पहिला घोट या करवंटीतून घ्यायचा, आणि दूध उलू पाकूच्या बाईचं. एक घोट, जास्त नाही. पुढे त्याच्या आईने पाजावं. पिढ्यामागून पिढ्या उलू पाकूची एखादी ओली बाळंतीण होडीतून यायची, घोटभर दूध द्यायची, साडीचोळीसारखा मान घेऊन परत जायची. मी पेटीत परत जायची. एकेका राजाशी माझी ओळख तेवढीच, एका घोटाची.

या "एकच घोट" म्हणण्याला कारण होतं. आमच्याकडे धर्माचा नियम आहे. मूल ज्या बाईचं दूध पाच वेळा प्यायलं, ती त्याची आई. करवंटीतून पाजा नाहीतर अंगावर, फरक पडत नाही. तिची लेकरं त्याची सख्खी भावंडं, आणि भावंडांचं लग्न होत नाही. चार वेळांपर्यंत काही नाही, पाचव्या वेळी रक्ताइतकं पक्कं नातं.

आता नवव्या सुलतानाच्या काळातली गोष्ट. वर्षअखेरीचा पूर आला होता आणि राणीला मुलगा झाला. उलू पाकूहून बेसाह आली होती. पंचविशीतली, अंगाने भरलेली, कडेवर सात महिन्यांची मुलगी, कुंतुम. बेसाहने घोट दिला आणि निघायला पायऱ्या उतरली तर पायऱ्याच पाण्याखाली. होडी परत फिरेना. इकडे राणी तापाने फणफणली. दूध सोडा, तिला मुलाचं तोंडही ओळखू येईना. दुकानं पलीकडच्या काठावर. महालात पिणारं एक बाळ आणि दूध असलेली एकच बाई.

तोक सोम म्हणून सुईण होती. तोक म्हणजे आजीच, पण ती सगळ्या महालाची आजी. तिने बेसाहला बाजूला घेतलं. "हे बघ, रीत एका घोटाची आहे. सुलतानांना कळलं तर माझी धडगत नाही. पण पोर उपाशी मारायचं का? तू करवंटीत काढ, मी भरवते. अंगावर लावायचं नाही. राजाचं पोर आहे."

"माझं काय जातंय?" बेसाह म्हणाली. "वाहूनच चाललंय."

दोन दिवसांत पहिल्या घोटासकट चार वेळा. मी भरले आणि रिकामी झाले. तोक सोम दर वेळी पदराला एक गाठ मारायची, मोजायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी कितव्या पायरीला लागलंय ते बघायला तोक सोम खाली गेली. बाळ उठलं आणि रडायला लागलं. बेसाहने इकडेतिकडे पाहिलं. मी चटईवर उपडी होते, धुऊन ठेवलेली. तिने माझ्याकडे हात केला, मग मागे घेतला. तिची चोळी भिजली होती. ती खाली वाकली, त्याला उचललं आणि छातीशी लावलं. पोरगं चारही वेळा बोटाने मिळालेल्या थेंबांवर होतं, ते असं तुटून पडलं की मला हसू आलं. एक बाजू संपवली, दुसरी संपवली, ढेकर दिला, झोपलं. कुंतुम शेजारी रांगत आली आणि त्याच्या पायाचा अंगठा धरून बसली.

तोक सोम वर आली तेव्हा तो पाळण्यात होता. ती म्हणाली, "बाई, किती शहाणं पोर आहे, रडलंसुद्धा नाही." बेसाहने भिजलेली चोळी पदराने झाकली.

पाणी उतरलं, डब्याचं दूध आलं, बेसाह गावी गेली. नवव्या दिवशी राणी गेली. मुलाचं नाव झुबीर ठेवलं. तेंगकू झुबीर, तेंगकू म्हणजे राजपुत्र.

वर्षातून एकदा आम्हा पेटीतल्या मंडळींना लिंबाच्या आणि फुलांच्या पाण्याने धुतात. झुबीर पाच-सहा वर्षांचा असताना तोक सोमच्या शेजारी येऊन बसायचा.

"तोक, मी कुणाचं दूध प्यायलो?"

"गाईचं, तेंगकू. डब्यातल्या."

"ती गाय कुठे असते?"

"विलायतेत."

"तिला माझी आठवण येत असेल का?"

तोक सोमने मला पुन्हा एकदा धुवायला घेतलं. त्याने एक रिकामा डबा जपून ठेवला होता, त्यावरच्या गाईच्या चित्राला तो निजायच्या आधी हात लावायचा. मला करवंटीला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

तो शिकायला परगावी गेला, एकविसाव्या वर्षी परत आला. तोवर माझ्या खोलीच्या खिडकीखाली जरीच्या मागांचा मांडव पडला होता आणि तिथे उलू पाकूची एक मुलगी विणायला बसायची. कुंतुम. पायाचा अंगठा धरणारी तीच. दोघांनाही एकमेकांची काही आठवण असण्याचं कारण नव्हतं.

"तेंगकू, आपली सावली धाग्यावर पडतेय," एक दिवस मला खालून ऐकू आलं.

"मग हलू का?"

"आपण कशाला हलता? आपण राजे. सूर्याला हलवा."

तो हलला आणि मागाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच बसला. मला सुरुवातीला गंमत वाटली, मग धास्ती वाटायला लागली. मी पेटीत, कुलपात. मी कुणाला काय सांगणार होते?

सुलतान वर्षभर या लग्नाला नाही म्हणत राहिले. कोळ्याची पोर, मागावर बसणारी.

"बाबा, आपले मूळपुरुष कुडात सापडले होते. माशांबरोबर."

"फेसातून आले होते."

"बरं, फेसातून. पण फेस कुठल्या राजघराण्यातला होता ते पोथीत नाही."

सुलतानांना एकच मुलगा होता आणि तो दुसरी कुणी करणार नव्हता. प्रधान होते दातो लेला. त्यांनी समजूत घातली, की वारस हवा असेल तर सून येऊ द्या. शेवटी विड्यांची तबकं घेऊन सात होड्या उलू पाकूला गेल्या.

लग्न ठरल्यावर बेसाह महालात आली. तेवीस वर्षांनी. खिडकीखाली कुंतुम तिला आपल्या लग्नाचं वस्त्र दाखवत होती, अजून अर्धं मागावरच होतं.

"हात लाव ना, आई. अगं धुतलेले आहेत तुझे हात."

"छान आहे."

"नुसतं छान? आठ महिने लागलेत."

"खूप छान आहे."

"तुला बरं नाही का?"

"होडीचा प्रवास, बाकी काय," बेसाह म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. करवंटीचा विषय म्हणून मलाही पिवळ्या उशीवर बाहेर ठेवलं. बायका जाळीच्या पडद्यामागे बसल्या, त्यांच्यात कुंतुम. काझी तरमिझी भला माणूस होता, सगळं रीतसर लागायचं त्याला.

"विचारायचं म्हणून विचारतो," तो म्हणाला. "तेंगकूंनी जन्मल्यावर या बाईच्या दुधाचा घोट घेतला हे सगळे जाणतात. एका घोटाने काही होत नाही. तरी तोक सोम, एकच घोट ना?"

तोक सोम तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. काझीपुढे खोटं बोलायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

"एक नाही. चार वेळा."

दरबारात एकदम कुजबुज झाली. सुलतानांनी खुर्चीचे हात धरले. तोक सोमने पुराची सगळी हकिगत सांगितली, राणीचा ताप सांगितला, पदराच्या गाठी सांगितल्या.

"नक्की चार?"

"माझ्या हाताने भरवलंय. चार गाठी होत्या."

काझीने चष्मा काढून पुसला. "चार म्हणजे पाच नव्हेत. लग्नाला हरकत नाही."

दातो लेलांनी मोठा श्वास सोडला आणि विडे आणा म्हणून हात केला. पडद्यामागे कुणीतरी हसलं, ती कुंतुमच होती. मीही त्या क्षणी मनात म्हटलं, की बाई, गप्प बस. माझ्यातून चारच वेळा गेलंय, मी साक्ष आहे, तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे? पावणेतीनशे वर्षांत मी एकदाच खोटेपणाच्या बाजूने उभी राहिले, ती तेव्हा.

"बेसाह, तुझं काही म्हणणं?" काझीने जाता जाता विचारलं.

तिने एकदा उशीवरच्या माझ्याकडे पाहिलं.

"करवंटीतून चार वेळा, बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि एकदा माझ्या अंगावर. सोम आजी पाणी बघायला गेल्या होत्या तेव्हा."

मग दातो लेला पुढे झुकले. "बाई, तेवीस वर्षं झाली. पूर, जागरणं, अशात माणसाच्या मनात एखादी गोष्ट तयार होते."

"होत असेल, दातो."

"दोन घोट घेतले असतील त्यांनी."

"दोन घोट नाही. दोन्ही बाजूंनी प्यायले. मग ढेकर दिला आणि झोपले."

"तुला कळतंय का तू काय बोलतेस?" हे सुलतान. "तुझी मुलगी राणी होतेय."

"कळतंय, तुआनकू. तीन दिवस अन्न गेलं नाही घशाखाली."

काझीने हळूच विचारलं, "मग विडे घेऊन माणसं आली तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विडे गावच्या मुखियाने घेतले. आणि मला वाटलं, मी गप्प बसेन. माझ्या पोरीचं भलं होतंय. आत्ता सोम आजींनी चार म्हटलं तेव्हा तर देवानेच सोडवलं असं वाटलं मला. पण दोघं माझी आहेत. दोघांना शेजारी बसवून, विडा देऊन, मी घरी जाऊन झोपू कशी?"

पडद्यामागून कुणीतरी उठलं. लाकडी जमिनीवर पावलं वाजली, आधी सावकाश, मग पळत.

झुबीरही उठला होता. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग तो चौथऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली आला. राजाचा मुलगा दरबारात खाली उतरत नाही, पण त्याला अडवणार कोण? तो चटईवर बेसाहच्या समोर बसला.

"मला डब्यावरची गाय दाखवायचे," तो म्हणाला. "रोज विचारायचो मी."

"मला नव्हतं माहीत, तेंगकू."

"तेंगकू नका म्हणू."

त्याने तिचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले आणि तो रडला. कशासाठी रडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. एका वाक्यात त्याची बायको गेली होती आणि आई आली होती. मी उशीवर होते, हातभर अंतरावर, आणि मला एवढंच समजत होतं की हे पोरगं पहिल्यांदा भरल्या पोटाने रडतंय.

कुंतुमने वस्त्र अर्ध्यातच मागावरून कापून घेतलं आणि ती गावी गेली. वर्षभर ती आईशी बोलली नाही. एकाच घरात राहून, एकाच चुलीवर रांधून बोलली नाही. पुढे तिने होड्या बांधणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं. झुबीरने दोन वर्षांनी दूरच्या एका राजघराण्यातली मुलगी केली. चांगली होती ती, कमी बोलणारी आणि सगळं समजणारी.

दर ईदेला झुबीर उलू पाकूला जायचा. बेसाहच्या घरी जमिनीवर बसून नदीतला मासा आणि आंबवलेल्या ड्युरियन फळाची आमटी खायचा, दोनदा भात मागून घ्यायचा. परत आला की मला धुता धुता सांगायचा. मला धुवायचं काम त्याने आता स्वतःकडे घेतलं होतं. "आईची दाढ दुखतेय. ताईला तिसरा मुलगा झाला. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही." तो तिला ताईच म्हणायचा, सात महिन्यांनी मोठी ना. ती त्याला काहीच म्हणायची नाही. त्याने पाठवलेली कापडं, साखर, मुलांची पुस्तकं ती ठेवून घ्यायची. आभाराचा निरोप यायचा तो तिच्या नवऱ्याचा.

झुबीरला मुलगा झाला त्या वर्षी उलू पाकूत ओली बाळंतीण एकच होती. कुंतुम. चौथी खेप. महालातून होडी गेली आणि सगळे वाट बघत बसले. माझा तर जीव टांगणीला लागला होता. ती आली. डोक्यावरून ओढणी घट्ट घेऊन, कुणाकडे न बघता आली, माझ्यात दूध काढलं, करंगळी बुडवून बाळाच्या ओठाला लावली. झुबीर दारात उभा होता. "ताई," तो म्हणाला. ती बाळाला म्हणाली, "हळू रे राजा, ठसका लागेल." मग घोट संपला, तिने मला तिथेच ठेवलं आणि ती गेली. दूध दिलं तिने, शब्द दिला नाही.

बेसाह गेली तेव्हा झुबीर सुलतान होऊन अकरा वर्षं झाली होती. बाईला कबरीत उतरवायचा हक्क तिच्या मुलांचा आणि भावांचा. बेसाहला मुलगा नव्हता, म्हणजे असा लोकांचा समज होता. दहावा सुलतान चप्पल काढून खड्ड्यात उतरला आणि त्याने आईला हातांवर घेतलं. त्याच्या पिवळ्या वस्त्राला लागलेला चिखल तो परत आल्यावर मी पाहिला. कुंतुम बाजूला उभी होती म्हणे. तेव्हाही बोलली नाही.

आणि आज मी पुन्हा बाहेर आहे. आज झुबीर गेला. चौऱ्याहत्तर वर्षं जगला. रीतीप्रमाणे आधी त्याच्या मुलाच्या नावाची द्वाही फिरली, मग त्याला आंघोळ घातली, पांढऱ्यात गुंडाळलं, तोंड तेवढं मोकळं ठेवलंय. उशाशी आम्हाला मांडलंय, कट्यार, मुद्रा, भाला आणि मी. आता घरची माणसं एकेक येऊन त्याच्या कपाळाचं चुंबन घेताहेत. हे फक्त घरच्यांनी करायचं असतं. परक्या बाईने तर दाराच्या आत यायचं नाही.

दाराशी यादी घेऊन एक तरुण कारभारी बसलाय. त्याच्यापुढे एक म्हातारी उभी राहिली. हातात काठी, पायांना होडीतलं पाणी.

"आजी, आत फक्त घरचे."

"मी घरचीच आहे."

"नाव?"

"कुंतुम."

त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, मग पान उलटून परत पाहिली. वाईट नव्हता तो मुलगा. "नाव नाही हो, आजी. सुलतानांचं आणि तुमचं नातं काय?"

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं आता ती परत फिरते. एक्कावन्न वर्षं तिने तो शब्द तोंडात धरून ठेवला होता, या उंबऱ्यावर, एका अनोळखी पोराला ती तो कशाला सांगेल?

"बहीण," ती म्हणाली. "मोठी बहीण मी त्याची."

"पण सुलतानांना बहीण..."

"येऊ दे त्यांना," आतून झुबीरच्या राणीसाहेब म्हणाल्या. "ताई, या. आपल्यासाठीच थांबलोय."

ती आत आली. मेलेल्या माणसावर आसू पडू द्यायचं नसतं, म्हणून तिने ओढणीचं टोक डोळ्यांखाली घट्ट धरलं, आणि तशीच वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकवले. बराच वेळ टेकवले. उठताना तिचा हात पांढऱ्या कापडावरून खाली त्याच्या पावलांपर्यंत गेला.

"उशीर झाला रे, झुबीर," ती म्हणाली. "होडीच मिळेना."

त्याला तेंगकू नाही, तुआनकू नाही, नुसतं झुबीर म्हणणारं आजवर कुणी नव्हतं.

मी थकलेय आता. माझ्या काठाला चीर गेलीय, पुढच्या बाळापर्यंत टिकेन की नाही सांगता येत नाही. मला सोन्याने मढवायचं घाटतंय असं ऐकते. तसं करू नका, दूध गार लागेल पोरांना. बाकी मागणं काही नाही. आता त्याला उचलताहेत. चार वेळा मी तुला पाजलं, पाचव्यांदा तुझ्या आईने. जा, बाळा. तुझी बहीण येऊन गेली.